कोरी म्हणू नका मला

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. काळी, चपटी, तळहातावर मावेल एवढी. खामगावात राजकुमारचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीतल्या लाकडी खणात सध्या माझा मुक्काम आहे. एकदा या दुकानातल्या संगणकानं जाहीर केलं होतं की ही डिस्क रिकामी आहे, हिच्यात काही नाही. ते साफ खोटं होतं. ते मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. ऐकायचं असेल तर ऐका, मी कुणाची मनधरणी करणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कणही चालत नसे. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावरून फिरणारी, पण त्यांना कधीही न टेकणारी एक नाजूक सुई. एवढ्या लाडाकोडात वाढवून शेवटी पाठवलं कुठे, तर खामगावला! कापसाचा हंगाम आला की इथल्या हवेत रुईचे तंतू तरंगतात, आणि उन्हाळ्यात तर धूळ जेवायलाच बसते. पण मी कुरकूर केली नाही. माझं झाकण पक्कं होतं.

राजकुमारनं मला आणि माझ्या बहिणीला एकाच दिवशी आणलं. दोघी एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. आम्हाला ओळखता यावं म्हणून दुकानातल्या मयुरीनं दोन कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या. माझ्यावर लिहिलं ‘चालू’, बहिणीवर लिहिलं ‘जुनी’. ज्या लग्नांचं काम चालू आहे ती माझ्याकडे, ज्यांचे अल्बम आणि फिल्म घरी पोचल्या ती तिच्याकडे. हंगाम संपला की तिला रिकामी करायची, असा रिवाज होता. खरं तर प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती ठेवाव्यात, हे राजकुमारला माहीत होतं. रोज सकाळी फिरायला जावं हेही त्याला माहीत होतं.

मयुरी म्हणजे या दुकानाचा कणा. कॅमेऱ्यातून आलेलं कच्चं चित्रण माझ्यात भरायचं, कापायचं, जोडायचं, गाणी लावायची, सगळं तिच्याकडे. माऊसनं जे जमत नाही ते ती एका काळ्या खिडकीत करायची. त्या खिडकीत ना चित्र, ना रंग. नुसते पांढरे शब्द लिहायचे. डिस्कांची यादी दाखव म्हटलं की यादी यायची, अमुक नंबरची निवड म्हटलं की ती निवडली जायची. राजकुमारला त्या खिडकीची भीती वाटायची. मला मात्र ती आवडायची. तिथे कुणी गोड बोलत नाही आणि ‘नक्की का?’ असं दहादा विचारत बसत नाही. पुढे याच गुणानं माझा घात केला, ते वेगळं.

लग्नं मी किती पाहिली म्हणून सांगू! एक कळलं, की माणसं कॅमेऱ्याचा दिवा अंगावर पडला की आधी केसांवरून हात फिरवतात आणि मग हसतात. फिल्म पाहायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, ‘मी आलो का याच्यात?’ नवरी-नवरा आलेत का, हे कुणी विचारत नाही. रुसलेले पाहुणे जेवणाच्या पंगतीत सगळ्यांत आधी सापडतात.

पण छकुलीच्या लग्नाची गोष्ट निराळी.

ते लग्न मे महिन्यातलं, नांदुऱ्याजवळच्या एका गावातलं. छकुलीची आई आशाबाई अंगणवाडीत शिकवते. छकुली लहान असतानाच आशाबाईचा नवरा गेला. तेव्हापासून घरातल्या शुभकार्यात आशाबाईची जागा ठरलेली होती, ती म्हणजे मागच्या खोलीत, पुरणाच्या पातेल्याजवळ. ही जागा ठरवली होती तिच्या थोरल्या दिरानं, म्हणजे इकडच्या बोलीत भासऱ्यानं, भगवानरावांनी. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. राजकुमारला तर वर्षाकाठी निम्मी लग्नं त्यांच्या ओळखीनं मिळायची.

हळदीच्या दिवशी छकुली पाटावर बसली. सवाष्णी पुढे झाल्या, तर हिनं हातच वर केला.

“थांबा,” ती म्हणाली. “मले पयली हयद माही आई लावीन. नाई त मी या पाटावर बसत नाई.”

वाजंत्रीवाल्यानं तोंडातली सनई काढली. भगवानराव म्हणाले, “छकुले, हे काय करून राह्यली तू? पाव्हणे पाहून राह्यले!”

“पाहू द्या ना मंग,” छकुली म्हणाली.

आणि आशाबाई आतून आली. लोकांमधून वाट काढत आली, वाटीत बोटं बुडवली आणि लेकीच्या कपाळाला, गालांना, हातांना हळद लावली. कॅमेरा चालूच होता. संध्याकाळी ते सगळं माझ्यात उतरलं. त्या दिवशी माझ्या चकत्या नेहमीपेक्षा ताठ मानेनं फिरल्या, असं मला वाटतं. यंत्राला असं काही वाटत नसतं म्हणतात. म्हणोत बापडे.

लग्न झालं आणि आठवडाभरात भगवानराव दुकानात हजर.

“राजू, तो हयदीचा भाग तेवढा कापून टाक. लोकायले दाखवाची गोष्ट नाई ते.”

मागोमाग आशाबाईचा फोन. “दादा, माह्या पोरीच्या हयदीतलं एक मिनिट बी कापाचं नाई.”

राजकुमार दोघांनाही म्हणाला, “पाहू.” तो मनानं वाईट नाही, पण त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही. असल्या माणसाचं काम जसं रखडतं तसं हेही रखडलं. पावसाळा गेला, गणपती गेले, बाकीची बहुतेक लग्नं पूर्ण होऊन बहिणीकडे गेली, छकुलीचं लग्न माझ्यातच राहिलं. कॅमेऱ्यातली कार्डं केव्हाच पुसून दुसऱ्या लग्नांना वापरली गेली होती. म्हणजे आता त्या हळदीची एकच जागा उरली होती आणि ती मी होते.

मग दसरा आला.

मयुरीच्या घरचे सगळे दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीला जातात. तीही नांदुऱ्याहून रेल्वेनं नागपूरला गेली. इकडे दुकानात राजकुमारची आई रुखमाबाई आली, हातात पूजेचं तबक घेऊन. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला हत्यारं पुजतात. राजकुमारची हत्यारं म्हणजे कॅमेरे, दिवे, ड्रोन आणि आम्ही दोघी. आमच्या वायरी काढल्या, आम्हाला पाटावर मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं एकेक फूल आणि आपट्याची पानं ठेवली. म्हातारीनं मोठ्या मनानं कुंकू कालवलं होतं, आणि त्या ओल्या कुंकवाचं बोट तिनं नेमकं आमच्या चिठ्ठ्यांवर ओढलं. तेवढीच पांढरी जागा होती ना आमच्या अंगावर! ‘चालू’ आणि ‘जुनी’ दोन्ही लाल झाल्या.

पूजा झाल्यावर राजकुमारनं आम्हाला फुलांसकट जागेवर ठेवलं आणि वायरी परत जोडल्या. माझ्या भोकात बहिणीची, बहिणीच्या भोकात माझी. त्याच्या लेखी वायर ती वायर.

दुसऱ्या दिवशी मयुरी आली. प्रवासानं डोळे जड झालेले, पण चेहरा प्रसन्न. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होणार, त्याआधी जुनी डिस्क रिकामी करायला हवी होती. बहिणीच्या जागेचे कधीकाळी कुणी पार्टिशन म्हणून वेडेवाकडे तुकडे पाडले होते, ते माऊसनं जात नसत. म्हणून तिनं काळी खिडकी उघडली. यादी मागितली. यादीत आम्ही दोघी, नुसत्या नंबरांनी आणि मापांनी. मापं सारखीच. जुनी डिस्क नेहमी दोन नंबरला असायची; वायरी बदलल्यामुळे आता तिथे मी होते.

तिनं एकदा आमच्याकडे पाहिलंही. मी तेव्हा जीव तोडून ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे! तिनं हात पुढे केला, फुलाजवळ आणला आणि मागे घेतला. दुसऱ्याच्या घरची पूजा, आपण कशाला विस्कटा, असं तिला वाटलं. पूजेचं फूल ज्याचं त्यानं उचलावं. भल्या घरची रीत ती. ते फूल तिनं उचललं असतं, वाळलेलं कुंकू जरा खरवडलं असतं, तर खालचं अक्षर दिसलं असतं.

तिनं लिहिलं, ‘सिलेक्ट डिस्क टू’. मग लिहिलं, ‘क्लीन’.

त्या खिडकीनं नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही. क्षणात काम झालं. माझ्या अंगावरची पहिली पाटी पुसली गेली. कुठून कुठवर माझं घर आहे, कुठून आत शिरायचं, हे सांगणारी ती पाटी. घर जागेवर होतं, माणसं आत होती, छकुली पाटावर बसलेली होती. फक्त दारावरचं नाव गेलं होतं. आणि तेवढ्यावर त्या दीडशहाण्या संगणकानं सांगितलं, ही डिस्क रिकामी आहे, वापरायची तर आधी फॉरमॅट करा.

‘क्लीन’ या शब्दाच्या पुढे आणखी एक शब्द लिहिता येतो, ‘ऑल’. तो लिहिला की डिस्कच्या कणाकणावर शून्य फिरवलं जातं आणि मग देवालाही काही सापडत नाही. मयुरीनं तो लिहिला नव्हता. म्हणून तर मी आज बोलतेय.

मग पाहते तर जुनी लग्नं जिथल्या तिथे आणि छकुलीचं लग्न गायब, तेव्हा मयुरीला चूक कळली. तिनं फूल उचललं, बोटानं कुंकू पुसलं, खालचं ‘चालू’ वाचलं. मग उठली आणि राजकुमारला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

वाईट बातमीला पाय फार. दोन दिवसांत भगवानराव आले. खुशीत होते.

“देवानंच कापलं म्हणा ना,” ते म्हणाले. “बरं झालं. चाल राजू, आता तो विषय संपला.”

आणि त्याच दुपारी नांदुऱ्याच्या एसटीनं आशाबाई आली. छकुलीचा पहिला दिवाळसण तोंडावर आला होता. जावई येणार, विहीण येणार, सगळ्यांनी मिळून फिल्म पाहायची असं ठरलं होतं. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

“इतक्या लोकायचे लग्नं होते तुमच्यापाशी,” ती म्हणाली, “आन पुसल्या गेलं त माह्याच पोरीचं! माह्या भासऱ्यानं सांगतलं न्‌ तुम्ही पुसलं.”

“तसं नाई हो ताई,” राजकुमार चाचरला.

“म्या पुसलं, काकू,” मयुरी पुढे झाली. “माह्या हातानं झालं. पन कोन्या माणसाच्या सांगण्यावरून नाई. चुकून झालं.”

“तू तरी बाई होतीस वं,” आशाबाई म्हणाली. “तुले काय मालूम, गावात काय सांगून राह्यले लोकं? म्हणते का आशाबाईचे हात लटलट कापत होते. म्हणते का हयद लावली न्‌ लगेच भासऱ्याच्या पायावर पडून माफी मांगतली. बायका बी तेच बोलून राह्यल्या आता. मले सोताले भेव वाटते, का खरंच तसं झालं होतं का काय! त्या टायमाचं मले काईच आठवत नाई. फिलम पाह्यली असती त समजलं असतं. आता कोन सांगीन मले?”

मी सांगीन, मी मनातल्या मनात म्हणाले. मला माहीत आहे. माझ्या अंगावर कोरलेलं आहे. तुझे हात कापले की नाही, तू कुणाच्या पाया पडलीस की नाही, हे या भूतलावर फक्त माझ्याजवळ आहे आणि माझ्या दारावर पाटी नाही! इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. एका बाईनं आयुष्यात एकदा ताठ मानेनं पाऊल टाकलं आणि पाचसहा महिन्यांत गावानं ते वाकवूनही टाकलं. आणि मी पुरावा पोटात घेऊन मुकाट.

आशाबाई गेल्यावर राजकुमार म्हणाला, “जाऊ दे मयुरी. तिले फॉरमॅट मार आन काम चालू कर. हंगाम आला.”

“तिले हात लावाचा नाई,” मयुरी म्हणाली.

तिनं माझी वायर काढली आणि मला स्वतःच्या ओढणीत गुंडाळलं. “दादा, तुम्ही मले कामावरून काढा पाह्यजे त. पन ते बाई मले चोर समजून गेली. मी हे असं ठेवून घरी जाणार नाई.”

ज्या संस्थेत ती संगणक शिकली तिथे एक गोष्ट तिच्या मनावर ठसवली होती. दुखऱ्या डिस्कवर उपचार करू नयेत, आधी तिची प्रत काढावी आणि जे काय करायचं ते प्रतीवर करावं. प्रतीवर चूक झाली तर दुसरी प्रत काढता येते. तिनं ओळखीच्या दुकानातून एक मोठी नवी डिस्क मागून आणली, काळी खिडकी उघडली आणि मला पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचायला सांगितलं. भरलेलं असो, रिकामं असो, काही वगळायचं नाही.

खरं सांगते, मी थकलेली होते. माझी सुई मधूनमधून टकटक करू लागली होती. पण इरेला पेटले मी. घ्या म्हटलं, हे घ्या, हेही घ्या! दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरवर चालू राहिले. टेबलपंखा माझ्याकडे वळवून मयुरी स्वतः घामाघूम बसली. रुखमाबाई डबा घेऊन आली आणि दाराशी घुटमळली.

“पोरी, माह्या कुंकवानं झालं का वं हे सगळं?”

“नाई मावशी. म्या फूल उचलून पाह्यलं नाई, म्हणून झालं.”

“मंग उचलाचं ना! फूलच होतं ते. देव काय तुह्यावर रुसणार होता?” म्हातारी तिच्याशेजारी बसली. “पुढच्या साली तू उचलजो. मी सांगून ठेवतो.”

काही कण मात्र मला देता आले नाहीत. तिथे माझी चकती कायमची बिघडली होती. मयुरीनं तेवढे गाळून पुढे जायला सांगितलं.

शेवटी माझी प्रत तयार झाली, एका भल्यामोठ्या फाईलच्या पोटात. तिला शरीर नाही, चकत्या नाहीत, सुई नाही. काळ्या खिडकीत दोन ओळी लिहिल्या की संगणकाला वाटतं, खरीखुरी डिस्कच आणून जोडली. तिला ते आभासी डिस्क म्हणतात. म्हणू देत. तिच्यातलं अक्षर न्‌ अक्षर माझं आहे. मयुरीनं त्या प्रतीत माझ्या घराचा उंबरठा शोधून काढला आणि दारावर पाटी पुन्हा लावली. एकामागून एक फाईली दिसू लागल्या. छकुलीच्या नावाची आली तेव्हा ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

तिनं सगळं तपासलं. छकुलीच्या लग्नातला एकच तुकडा गेला होता. मांडवात भगवानरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता आणि त्यांनी त्यावर लांबलचक भाषण केलं होतं, तो तुकडा. माझ्या बिघडलेल्या जागी नेमका तोच होता. हे मी मुद्दाम केलं का, असं विचारू नका. विचारलंत तरी मी सांगणार नाही.

राजकुमारनं आशाबाईला फोन केला. भगवानरावांनाही केला. “सापडलं,” म्हणाला. पलीकडून ते कापायचं बोलले असावेत, कारण राजकुमारनं कपाळावरचा घाम पुसला, मयुरीकडे पाहिलं आणि म्हणाला, “नाई भाऊ. जसं हाय तसंच देतो मी.” एवढं बोलायला त्याला अर्धं वर्ष लागलं, पण बोलला. त्या हंगामात भगवानरावांच्या ओळखीचं एकही लग्न दुकानात आलं नाही. दुकान मात्र चालूच आहे.

आशाबाई आली. या वेळी आत आली. मयुरीनं तिला खुर्ची दिली आणि हळदीचा भाग लावला. पडद्यावर सनई थांबली. आशाबाई आतून आली. वाटीत बोटं बुडवली.

खुर्चीतली आशाबाई पुढे सरकली, पडद्याला नाक लागेल इतकी. पडद्यावरचा हात लेकीच्या कपाळाकडे गेला. सावकाश गेला, हळदीचा एक थेंबसुद्धा खाली सांडला नाही. ती कुणाच्या पाया पडली नाही. वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि वाजंत्रीवाल्याकडे वळून म्हणाली, “वाजवा ना, थांबले कायले?”

“पाह्य वं,” खुर्चीतली आशाबाई म्हणाली. तिनं मयुरीचं मनगट घट्ट धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “पाह्य! कुठी कापला माहा हात?”

“कुठीच नाई, काकू.”

“पुन्हा लाव.”

मयुरीनं पुन्हा लावलं. आणि त्या बाईनं ते पाहिलं, पाहिलं, मन भरेपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “याच्या दहा कापी दे मले. गावात वाटतो.”

आता माझ्यानं फार होत नाही. वायर लावली की नुसती टकटक ऐकू येते. भंगारवाला आला की राजकुमार खण उघडतो, मला बाहेर काढतो आणि मयुरीनं डोळे वटारले की मुकाट्यानं आत ठेवतो. जाईन, एक दिवस मीही जाईन. पण जाताना सांगून जाते. काळ्या खिडकीतल्या एका शब्दानं कुणी रिकामं होत नाही. तुमच्यासमोर कुणी एखाद्या डिस्ककडे किंवा एखाद्या बाईकडे बोट दाखवून म्हणालं, ‘हिच्यात काही नाही’, तर चटकन होकार देऊ नका. आधी पाहा. माझ्या दारावर पाटी नव्हती तेव्हाही आशाबाईचा तो हात माझ्यात होता, आणि तो स्थिर होता.